लोटेची नोकरी सोडायची का? गुजरातमधल्या दहेजची ऑफर की गावाला काजू युनिट

वाशिष्ठीकाठ

(मंचावरचा प्रश्न आणि त्यावरची उत्तरं; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नमस्कार मंडळी,

लोटे परशुराम एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट केमिस्ट आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, १ ऑगस्ट २०२१ पासून कायम नोकरी. महिन्याचा ग्रॉस (कापणीआधीचा पगार) ३८,०००, त्यात बेसिक (मूळ पगार) १९,०००. चिपळूणला स्वतःचं घर, कंपनीची बस दारापासून. नोटीस दोन महिन्यांची.

नोकरीत जाच असा काही नाही, पण मन लागत नाही. तेच दोन रिॲक्टर, तोच सेंट्रिफ्यूज, तीच बॅचशीट, फिरती शिफ्ट. वरची जागा रिकामी होण्याची चिन्हं नाहीत.

समोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे दहेजच्या एका मोठ्या कंपनीची ऑफर: सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ६ लाख ६० हजार, एप्रिलमध्ये हजर व्हा म्हणतात. दुसरी म्हणजे गुहागर तालुक्यात आमची दीडशेएक काजूची झाडं आहेत, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. साल चांगलं असलं तर सव्वा टन बी होते. तिथेच वर्षाला दहा टन बीचं प्रक्रिया युनिट टाकावं असं डोक्यात आहे. फेब्रुवारी संपत आला, बी पडायला लागेल, म्हणून घाई वाटतेय.

घरात पत्नी, तीन वर्षांची मुलगी, आई-वडील. मोठं कर्ज नाही. बाजूला टाकलेले साडेतीन लाख आहेत. धीर देणारे पुष्कळ भेटतात, मला आकडे हवे आहेत. जाणकारांनी सांगावं.

पगारपत्रक

आधी दहेजचं बघू, कारण तिथला आकडा सगळ्यात फसवा आहे.

तुमची आत्ताची सीटीसी काढा. ग्रॉस ३८,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे २,२८०, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे साधारण ९१४. झाले ४१,२०० च्या आसपास. दहेजचे महिन्याला ५५,०००. कागदावर वाढ तेहेतीस टक्के.

आता ती सीटीसी फोडा. ऑफर लेटरच्या मागे जोडपत्र असतं. नसेल तर मागून घ्या, त्याशिवाय होकार देऊ नका. नमुन्यादाखल असं धरू: व्हेरिएबल पे १० टक्के म्हणजे ६६,०००. हा वर्षाअखेरी, तोही रेटिंगप्रमाणे. बेसिक २५,००० असेल तर कंपनीचा पीएफ वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटी १४,४३०. मेडिक्लेमचा हप्ता १२,०००. हे सगळं वजा केलं की ५,३१,५७० उरतात, महिन्याचा ग्रॉस ४४,३०० च्या आत. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि गुजरातचा व्यवसाय कर २०० गेला की हातात ४१,१००. लोटेत आज हातात येतात ३५,५००. फरक ५,६०० रुपयांचा. भरूचला दोन खोल्यांचं भाडं, किंवा तुम्ही एकटे राहिलात तर खोली, डबा आणि महिन्याची चिपळूण वारी, या ५,६०० मध्ये बसणार नाही. तुमच्या जोडपत्रातले आकडे वेगळे असतील, पण वजाबाकी याच क्रमाने करा. कंपनी क्वार्टर किंवा कँटीन देत असेल तर ते लेखी हवं. मुलाखतीत तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. ३१ जुलै २०२६ ला तुमची पाच वर्षं पुरी होतात आणि त्या एका तारखेला दोन गोष्टी टांगलेल्या आहेत.

पहिली ग्रॅच्युइटी. शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १९,००० वर पाच वर्षांचे साधारण ५४,८०० होतात. "चार वर्षं २४० दिवस झाले की मिळते" हे तुम्ही ऐकलं असेल. पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं की ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण बऱ्याच कंपन्या तो आपणहून मानत नाहीत, आणि साप्ताहिक सुट्या त्या २४० मध्ये धरायच्या की नाही यावरूनही खेचाखेची होते. मार्चअखेर सोडून या वादात शिरायचं, की चार महिने थांबून वादाचं कारणच ठेवायचं नाही, हे तुम्हीच ठरवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात. त्यात एका वर्षात ग्रॅच्युइटी आहे ती मुदतीच्या कंत्राटावरच्या कामगाराला, कायम माणसाला पाच वर्षांची अट तशीच आहे. व्हॉट्सॲपवर उलटं फिरतंय. तुमच्या कामाचं कलम दुसरंच आहे: वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनात मोजला जातो. तुमचा बेसिक ग्रॉसच्या बरोबर निम्मा आहे, म्हणून फार फरक पडणार नाही. बेसिक कमी ठेवलेल्यांना पडेल.

दुसरी गोष्ट पीएफ. पाच वर्षं सलग सेवा व्हायच्या आत रक्कम काढली तर ती करपात्र, आणि ५०,००० च्या वर असेल तर १० टक्के टीडीएस कापून हातात येते. नव्या कंपनीत ट्रान्सफर केली तर सेवा जोडली जाते, हा प्रश्नच येत नाही. म्हणून दहेजला गेलात तर काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून ट्रान्सफर करा. जुन्या कंपनीने पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख टाकली का ते बघा. ती नव्या हजर तारखेनंतरची पडली तर सेवा एकमेकींवर चढते आणि दावा अडकू शकतो.

राजीनामा द्यायची वेळ. जूनमध्ये देऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुटू, हा हिशोब दिसायला सरळ आहे. पण नोटीस माफ करून कंपनी जुलैतच मोकळं करू शकते. निर्धास्त राहायचं तर ३१ जुलै ओलांडल्यावरच कागद द्या. मग सुटका सप्टेंबरअखेर. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, रजा शिल्लक असेल तर आधीच मंजूर करून ठेवा, नोटीसमध्ये रजा सहसा देत नाहीत. नोटीस विकत घ्यायची वेळ आली तर कापणी बेसिकवर की ग्रॉसवर हे नेमणूकपत्रात असतं. दोन महिन्यांचे ३८,००० आणि ७६,००० यांत बराच फरक आहे.

बॅचशीट

वरचा हिशोब बरोबर आहे. मी फक्त कामाबद्दल लिहितो.

"मन लागत नाही" यात तुमच्या लिहिण्यावरून तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात: शिफ्ट, तोचतोचपणा, बढती. प्रत्येकीचं औषध वेगळं. शिफ्ट सोसत नसेल तर दहेजला जाऊन काहीच बदलणार नाही, तिथेही प्रॉडक्शनला फिरती शिफ्टच असते. मग क्यूसी (दर्जा तपासणी) किंवा क्यूए (दर्जा हमी) जनरल शिफ्टला मागून बघा. बॅच चालवलेला माणूस क्यूएला लागतो, कारण बॅच रेकॉर्डमधली विसंगती त्याला लगेच दिसते. अर्ज एचआरला नाही, प्लांट मॅनेजरला, लेखी. नकार आला तर तोही लेखीच येऊ दे.

बढती अडली असेल तर सेफ्टीकडे बघा. औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा ॲडव्हान्स डिप्लोमा (एडीआयएस) एमएसबीटीईचा, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा असतो. २५० किंवा जास्त कामगारांच्या धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर ठेवणं कायद्याने बंधनकारक असतं आणि लोटे, महाड, रोहा-धाटाव या तिन्ही वसाहतींत केमिकलच भरलंय. चिपळूणला राहून पुढे सरकायचा हा मार्ग आहे. प्रवेशाच्या वेळी अनुभवाचा दाखला लागतो. त्यात "सुपरवायझरी" हा शब्द असला पाहिजे, नुसतं "केमिस्ट" चालत नाही म्हणून लोक परत येतात. नोकरीत असतानाच तो दाखला घ्या.

तोचतोचपणाचा कंटाळा असेल, तर मात्र दहेज पैशासाठी नाही पण कामासाठी विचारात घेण्यासारखं आहे. ऑफर देणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: प्लांट बॅच आहे की कंटिन्युअस (माल खेपेखेपेने निघतो की अखंड), डीसीएसवर (संगणकी नियंत्रणावर) चालतो की फील्डमधून व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि तुमची जागा पॅनलवर (कंट्रोल रूममध्ये) की फील्डला. डीसीएस पॅनलवर दोन-तीन वर्षं काढलेल्या केमिस्टला परत कोकणात यायचं म्हटलं तरी महाड-रोह्यात भाव असतो. जागा फील्डला आणि प्लांट बॅच असेल, तर तुम्ही तेच काम घरापासून लांब जाऊन करणार.

कुठेही जा, जाण्याआधी कंपनीच्या वैद्यकीय तपासण्यांच्या प्रती मागा. धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला स्वतःच्या आरोग्यनोंदी बघायचा हक्क आहे. फुप्फुसाची चाचणी, ऐकण्याची चाचणी, लिव्हर फंक्शन, सगळं वर्षवार लावून ठेवा. नव्या कंपनीच्या प्री-एम्प्लॉयमेंट तपासणीत काही निघालं तर आधीचं कोष्टक हाताशी असावं. आणि ती तपासणी पास होऊन नेमणूकपत्र हातात येईपर्यंत राजीनामा नाही. ऑफर लेटर म्हणजे नेमणूकपत्र नव्हे.

बोरमा

काजूबद्दल. दहा टन हा आकडा बहुतेक प्रकल्प अहवालांत असतो, म्हणून त्याचाच हिशोब मांडतो. दर मी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या बाजारचे घाला.

बी किलोला १५० ने दहा टन: १५ लाख. उतारा २५ टक्के धरला तर गर २,५०० किलो. वाफवणं, फोडणी, सुकवणी, सोलणी, ग्रेडिंग, वीज, पॅकिंग मिळून बीच्या किलोला ३० रुपये: ३ लाख. बी मार्च ते मेमध्ये रोखीने घ्यायची आणि गर खपतो गणपती ते दिवाळीत, म्हणून १५ लाखांवर सरासरी सहा महिन्यांचं व्याज ११ टक्क्यांनी ८२,५००. एकूण खर्च १८ लाख ८२ हजार. विक्रीत दोन तृतीयांश अख्खा गर घाऊक ८५० ने, बाकी पाकळी-तुकडा ५५० ने, म्हणजे सरासरी ७५०. हाती १८ लाख ७५ हजार.

म्हणजे साडेसात हजार तोटा. अहवालात हे दिसत नाही कारण तिथे उतारा २८ टक्के आणि सगळा गर किरकोळ दराने विकलेला असतो.

या धंद्यात पैसा तीनच ठिकाणी आहे. उतारा एक टक्का वाढला की १०० किलो गर, ७५,००० रुपये. अख्ख्याचं प्रमाण ६७ वरून ८० टक्क्यांवर गेलं की सरासरी दर ७९०, म्हणजे लाखभर रुपये. आणि किरकोळ विक्री: हजार किलो अख्खा गर ८५० ऐवजी १,०५० ने गेला तर दोन लाख जास्त, त्यातून पाऊच, कुरिअर, खराबी किलोला ५० वजा, उरले दीड लाख. तिन्ही साधलं तर वर्षाला सव्वातीन लाख. तुमचा हातातला पगार वर्षाला ४ लाख २६ हजार आहे. दहा टनांचं युनिट पगाराची जागा घेत नाही, पहिल्या दोन वर्षांत तर नाहीच. घरची सव्वा टन बी "फुकट" धरू नका, ती तशीच विकली असती तरी पैसे आलेच असते.

आता चुकतं कुठे. बी उन्हात दोन-तीन दिवस वाळवून ओलावा ८-९ टक्क्यांवर आणायचा. घाईने भरलेलं पोतं जुलैत काळं पडतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ते कोणी वाचवू शकत नाही. पोती जमिनीवर नाहीत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. वाफवण्याआधी बी आकाराने वेगळी करा. लहान-मोठी एकत्र शिजवली की लहान जास्त शिजून गर पिवळा पडतो, आणि मोठी कच्ची राहून फोडताना टरफलाचं तेल गराला लागतं. वाफवल्यावर पसरून रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस थंड होऊ द्या. कोमट बी फोडली की गर तुटतो. मग बोरम्यात (गर सुकवायच्या भट्टीत) ६५-७० अंशांवर सहा ते आठ तास. जास्त सुकला तर सोलताना पाकळ्या होतात, कमी सुकला तर साल सुटत नाही आणि बाई सुरीने खरवडते, गराला चरे पडतात. ग्रेड म्हणजे एका पौंडात किती गर: डब्ल्यू-२४० मध्ये २२० ते २४०, डब्ल्यू-३२० मध्ये ३०० ते ३२०. तुमच्या वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून तिचे वरचे ग्रेड निघतात. ती वेंगुर्ला-४ मध्ये मिसळू नका, झाडाखालूनच वेगळी उचला.

मजुरीचं एक कायम लक्षात ठेवा: फोडणीच्या बायकांना किलोवर पैसे दिले की वेग येतो आणि तुकडा वाढतो. अख्ख्या गरावर जास्त दर ठेवला तर हात आपोआप सांभाळून चालतो.

यंदा यंत्र घेऊ नका. घरची बी वाळवा आणि त्यातली पाचशे किलो जॉबवर्कने (मजुरी देऊन) कोणाच्या तरी युनिटमधून काढून घ्या. बाकी बी म्हणून विका. नोकरी करून हे होतं.

तेही करायच्या आधी, आत्ता मार्चात ओल्या काजूगराकडे बघा. यंत्र लागत नाही, गावातल्या बायकांचे सरावलेले हात लागतात, आणि चिपळूण-गुहागरच्या खानावळींना व मुंबईकरांना तो पुरत नाही. सकाळी सोललेला माल संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे, हीच काय ती अडचण.

वाशिष्ठीकाठ

मनापासून आभार. दहेजचा फुगा इतका लहान असेल असं वाटलं नव्हतं.

तीन शंका. १) जागा सामाईक सातबाऱ्यावर आहे, आजोबांच्या नावामागे चुलते, आत्या धरून अकरा नावं, निम्मी मुंबईत. कर्जाला अडेल का? सबसिडीसाठी पत्नीच्या नावाने अर्ज करावा का? २) जॉबवर्कला पाचशे किलो दिले तर नेमकं काय मोजायचं? ३) दहेजला आत्ता काय कळवू?

सातबारा

अडेल. बँकेला जागेवर तुमचा निर्विवाद ताबा दिसला पाहिजे. अकरा जणांची संमतीपत्रं गोळा करणं हा एक मार्ग, पण एकाने सही नाकारली की सगळं थांबतं. जमिनीचं वाटप संमतीने करायचं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज होतो. त्यालाही सगळे हजर हवेत, म्हणून तो विषय गणपतीत काढतात, तेव्हा मुंबईकर घरी असतात. आधी वारस नोंदी पूर्ण आहेत का बघा. मयत माणसाचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर वाटप तिथेच अडकतं, आणि बहुतेक घरांत एक तरी असतंच.

सोपा उपाय म्हणजे युनिट त्या जागेत न टाकणं. गावठाणात किंवा रस्त्याला लागून एकट्याच्या मालकीचं शेड भाड्याने घ्या. भाडेकरार नोंदणीकृत, मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त. शेड निवडताना थ्री फेजचा खांब किती लांब आहे ते आधी पाहा, खांब टाकायचा खर्च आणि वेळ दोन्ही अंगावर येतात. आणि पाण्याची पातळी विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. साठ्याचा विमा घेताना वादळ आणि पूर दोन्ही त्यात लिहिलेत का ते पाहून सही करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छपरं उडाली आणि माल पावसाने भिजला. विम्यात नुसती आग असेल तर अशा वेळी काही मिळत नाही.

सबसिडीबद्दल. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागात खुल्या गटातल्या पुरुषाला स्वतःचा हिस्सा १० टक्के आणि सबसिडी २५ टक्के. महिलेला हिस्सा ५ टक्के, सबसिडी ३५ टक्के. १२ लाखांच्या प्रकल्पात पत्नीच्या नावाने ६०,००० हिस्सा आणि ४ लाख २० हजार सबसिडी. पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, ही रक्कम हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकते, युनिट चालू आहे याची पाहणी झाली की मगच कर्जात वळती होते. मध्येच बंद पडलं तर परत जाते. दोन, पती-पत्नी मिळून एकालाच लाभ, म्हणजे आत्ता पत्नीच्या नावाने छोटं काही केलंत तर पुढे मोठ्यासाठी दार बंद. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत आणि युनिट नवं असावं लागतं, आधी सुरू करून मग अर्ज चालत नाही. १० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पासचा दाखला लागतो. आणि अर्ज तिच्या नावाने असेल तर बँकेत प्रश्नांची उत्तरंही तिलाच द्यावी लागतील. वर बोरमा यांनी मांडलेला हिशोब तिला तोंडपाठ हवा. रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू वर्षाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, तेवढं आधी विचारा.

जीएसटीचं एक: नोंदणी घेतलीत की शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीवर ५ टक्के कर तुम्हीच भरायचा, रिव्हर्स चार्जने, आणि तोही रोखीने. नंतर तो क्रेडिट म्हणून वळता होतो, पण १५ लाखांच्या खरेदीवर ७५,००० ऐन हंगामात बाहेर जातात. खेळतं भांडवल काढताना हे धरलेलं नसतं.

शेवटचं. कर्ज घ्यायचंच ठरलं तर पगार चालू असताना घ्या. तीन महिन्यांच्या पगार स्लिपा आणि फॉर्म १६ यांच्यावर बँक जितकं देते तितकं राजीनाम्यानंतर देत नाही. मात्र घरखर्चासाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज काजूत घालू नका.

बोरमा

पाचशे किलोचं सांगतो.

देण्याआधी तीन-चार पोत्यांतून मूठमूठ घेऊन एक किलो नमुना काढा. बिया मोजा. मग सगळ्या कापा. चांगला गर, डागी किंवा अपक्व गर आणि पोकळ असे तीन ढीग. चांगल्याचं पूर्ण वजन अधिक डागीचं निम्मं वजन, हा तुमचा कच्चा उतारा. यात साल आणि ओलावा आहे, तयार गर यापेक्षा कमी भरणार. म्हणून जॉबवर्कवाल्याशी बोलताना कच्चा आणि तयार यांची गल्लत करू नका, भांडणं इथूनच होतात.

तुमची बी वेगळ्या खेपेत शिजवतील का हे आधी विचारा. दुसऱ्याच्या मालात मिसळली तर मोजण्यात काही अर्थ नाही. वेंगुर्ला-४ आणि ७ च्या वेगवेगळ्या पोत्यांवर खूण करा.

परत घेताना प्रत्येक ग्रेडचं वजन वेगळं लिहून घ्या: अख्खा ग्रेडवार, पाकळी, तुकडा, कणी, डागी. टरफल आणि साल कोणाची हेही आधी ठरवा. टरफल तेलवाले विकत घेतात, बरेच जॉबवर्कवाले ते मजुरीतच धरतात. सगळ्याची बेरीज करून ५०० शी ताडून बघा. ओलावा उडाल्याने काही किलो कमी भरणारच, पण गरात मोठी तूट दिसली तर विचारा.

मग विक्री. अर्धा किलोच्या पाऊचमध्ये भरा, एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या. ती छोट्या उद्योगाला १०० रुपये वर्षाला होते. नातेवाइकांना विकलेला माल मोजू नका. अनोळखी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागतंय का, एवढंच बघा. ऑगस्टमध्ये पाऊच उघडून चव घ्या. खवट लागला तर गर पुरता सुकला नव्हता किंवा पाऊचमध्ये हवा राहिली होती. दिवाळीनंतर तुमच्याकडे स्वतःच्या बीचे उताऱ्याचे, अख्ख्याचे आणि किरकोळ दराचे आकडे असतील. बँकेत तेच न्या.

पगारपत्रक

दहेजला ई-मेल करा, फोन नको. एवढंच लिहा: ऑफर मान्य करायची इच्छा आहे, पण सध्याच्या नोकरीतून १ ऑक्टोबरच्या आधी मोकळं होता येत नाही, हजर होण्याची तारीख वाढवून मिळेल का, आणि सीटीसीचं तपशीलवार जोडपत्र व जागा पॅनलवर की फील्डला हे कळवावं. ग्रॅच्युइटीचं कारण द्यायची गरज नाही. सात महिने थांबणार नाहीत असं धरून चाला. ऑफर गेली तर ५,६०० रुपयांच्या फरकाची गेली, आणि दिवाळीपर्यंत काजूचे आकडे हातात आल्यावर नवी शोधता येईल. ते थांबायला तयार नसतील पण ग्रॅच्युइटीइतकी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून देत असतील, तर किती महिन्यांत सोडल्यास ती परत करावी लागेल ते वाचा.

आणि दोन गोष्टी राहिल्या. नोकरी सोडून धंद्यात उतरलात तर त्या दिवशी कंपनीचा मेडिक्लेम संपतो, आई-वडिलांचं नाव त्यात असेल तर त्यांचाही. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं प्रतीक्षाकाळात मोजली जातात, पण अर्ज शेवटच्या दिवसाआधी करा. नव्याने पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पीएफसोबतचा ईडीएलआयचा विमा, कमाल ७ लाखांचा, तोही नोकरीपुरताच असतो. टर्म इन्शुरन्स पगार चालू असताना काढा. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तेव्हा पगार स्लिप चालते, धंद्यात गेल्यावर विवरणपत्रं मागतात.

पीएफसोबतच्या पेन्शनचा भाग काढून घेऊ नका. दहा वर्षं पुरी झाली नसतील तर स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठीच्या सेवेचा दाखला) घ्या. पुढे कधी नोकरीत परतलात तर ही पाच वर्षं त्या दहांत जोडली जातात.